चाल कुणाची?

एक मेला आपला निकाल लागायचा. सकाळी ध्वजवंदन, मग वर्गावर्गांत निकालपत्रकं. त्याआधी मैदानावर रांगेत उभं असताना कडुनिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून एकच तबकडी वाजायची, 'जय जय महाराष्ट्र माझा'. तबकडीला चरा गेलेला होता. ठरलेल्या जागी सुई अडकायची आणि शिपाईमामा धावत जाऊन ती पुढे ढकलायचे. आपल्यातला एक जण परवा फोनवर म्हणाला, "ते गाणं कानावर पडलं की अजून पोटात गोळा येतो, गणितात किती पडले असतील म्हणून." माझंही तसंच आहे. टीव्हीवर ते गाणं लागलं की मी त्या चऱ्याची वाट बघतो.

संपादक मंडळाने मला सांगितलं, तू दहावीला इतिहासात पहिला होतास, तेव्हा इतिहासावर लिही. इतिहासात पहिला म्हणजे सनावळ्या पाठ असलेला, हे आपल्याला आणि आपल्या गुरुजनांनाही ठाऊक आहे. शाळेचा इतिहास बाईंनी लिहिला आहेच. मग मी आपल्या गाण्यांचा थोडा इतिहास लिहायचं ठरवलं. आपण शाळेत म्हटलेली, रेडिओवर ऐकलेली, एक तर शाळेने म्हणू न दिलेली गाणी. ती करणारी बहुतेक माणसं आता नाहीत. आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की या इतिहासात माझ्याही नावावर एक गोष्ट जमा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

जानेवारी १९८३. आपण नववीत होतो. स्नेहसंमेलनाचं निवेदन माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज तेव्हा नुकताच फुटला होता आणि मला तो फार आवडत होता. मी ऐटीत म्हणालो, "आता सादर होत आहे शाहीर साबळे यांचं महाराष्ट्रगीत." स्टेजच्या कडेला सतरंजीवर पेटीवाले सर बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "शाहिरांनी गायलंय. लिहिलंय राजा बढ्यांनी. चाल श्रीनिवास खळ्यांची. तिघांची नावं घे." माईक चालू होता. सगळ्या मैदानाने ते ऐकलं आणि हशा पिकला. मी चरफडत तिघांची नावं घेऊन पुन्हा निवेदन केलं. पुढचे चार दिवस मला 'तिघांचं नाव घे' म्हणून चिडवलं गेलं, हे काहींना आठवत असेल.

पेटीवाले सर आठवतात ना? पूर्णवेळ शिक्षक नव्हते. मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलवर पेटी बांधून यायचे. संगीताला गुण नव्हते, त्यामुळे त्यांच्या तासाला आपण गणिताचा गृहपाठ उरकायचो. ते रागवायचे नाहीत. भाता ओढत बसायचे आणि मधेच कुणालातरी विचारायचे, "काल रात्री 'आपली आवड' ऐकलंस? शेवटच्या गाण्याची चाल कुणाची?" उत्तर आलं नाही की स्वतःच सांगायचे. आम्हाला वाटायचं, या माणसाला नावांचं वेड आहे.

त्याच संमेलनात दुसरी एक गोष्ट घडली. आपल्या वर्गातल्या एका मुलीने 'कळीदार कपूरी पान' या लावणीवर नाच बसवला होता. सुलोचना चव्हाणांची लावणी. रंगीत तालमीला ज्यांच्या हाती निर्णय होता ते पुढच्या बाकावर बसले होते. पहिलं कडवं संपायच्या आत हात वर झाला. ही शाळा आहे, फड नाही, असं काहीतरी बोललं गेलं. सगळे गप्प. पेटीवाले सर पेटीवरचा हात न उचलता हळूच म्हणाले, "खळ्यांचीच चाल आहे ती." ते कुणी ऐकून घेतलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना कळलं नाही. मला तर नाहीच. तिने घुंगरं सोडली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक भलंमोठं विड्याचं पान काढलेलं होतं. पुढे दहावी संपेपर्यंत काही मुलं तिला त्याच नावाने हाक मारत. ते पान कुणी काढलं याची चौकशी झाली होती, पण नाव बाहेर आलं नाही. ते मी काढलं होतं.

आता इतिहासाकडे येतो.

श्रीनिवास खळे यांचा जन्म ३० एप्रिल १९२६ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवसाचा. जन्म मुंबईचा, पण वाढले बडोद्याला. गाणंही तिथेच शिकले आणि मग संगीतकार व्हायला मुंबईत आले. सुरुवातीचे दिवस हलाखीचे होते. चित्रपट त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. पुढची कामगिरी आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रिका कंपनी यांच्या आश्रयाने झाली. त्यामुळे चेहरा कुणाला माहीत नाही आणि चाली मात्र घरोघर, असं त्यांचं झालं.

त्या चाली कुठवर पोचल्या होत्या, ते आपल्याच लहानपणावरून पाहा. बालवाडीत आपण फेर धरून जे म्हणायचो ते 'गोरी गोरी पान' आणि वेड्या कुरूप पिल्लाचं 'एका तळ्यात होती'. दोन्ही गाणी गदिमांची, आवाज आशा भोसले यांचा, चाल खळ्यांची. ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधीची. संध्याकाळी खेळून घरी यायला उशीर झाला की आई ज्या गाण्याची आठवण करून द्यायची, ते 'या चिमण्यांनो परत फिरा रे' हे १९६८ च्या 'जिव्हाळा' चित्रपटातलं. पुन्हा गदिमा, लताबाई आणि खळे. सकाळी वडील दाढी करत असताना रेडिओवर लागणारे लताबाईंच्या आवाजातले तुकोबांचे अभंग, 'सुंदर ते ध्यान' आणि 'भेटीलागी जीवा', यांच्या चालीही त्यांच्याच. आणि रात्री, मोठी भावंडं दिवा मालवून हळू आवाजात जे ऐकायची आणि आपण झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायचो, ते 'शुक्रतारा'. मंगेश पाडगावकरांचे शब्द. गायला इंदूरचे अरुण दाते आणि सोबत सुधा मल्होत्रा. १९६२ सालचं गाणं. दाते पेशाने अभियंते, कापडाच्या धंद्यातले. त्या एका गाण्याने त्यांचा पुढचा रस्ता बदलला.

सकाळपासून रात्रीपर्यंत एकच माणूस आपल्या कानात बसलेला होता आणि आपल्याला त्याचं नाव विचारावंसं वाटलं नाही.

खळ्यांच्या चालींबद्दल जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी जाणकार नाही, पण निवृत्तीच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच पुरुषांसारखा दोन वर्षांपूर्वी पेटी शिकायला लागलो आणि एक गोष्ट समजली. त्यांची चाल ऐकताना वाटते तितकी सोपी नसते. 'श्रावणात घननिळा' आपण सगळे गुणगुणतो. पेटीवर वाजवायला घेतलं की दुसऱ्याच वळणावर बोटं हरवतात. सूर जिथे जाईल असं वाटतं तिथे तो जात नाही, शेजारच्या घरात डोकावून येतो, आणि तरी शब्द मोडत नाही. शब्द आधी आणि चाल त्याच्या मागून, हे तिथे दिसतं. माझे पेटीचे गुरू वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. ते म्हणाले, "काका, हे गाणं आणखी पाच वर्षांनी घ्या."

महाराष्ट्रगीताचं मात्र तसं नाही. ते चौथीतल्या पोरालाही म्हणता येतं. एवढी वळणं घेणाऱ्या माणसाने तिथे सरळ रस्ता का धरला, याचं उत्तर आपल्या मैदानावर होतं. चारशे मुलांनी एका दमात म्हणायचं गाणं वेगळं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्या दिवसांतलं हे गाणं. कवी राजा बढे नागपूरचे. संगीतकार बडोद्यात वाढलेला. गायक शाहीर कृष्णराव साबळे वाईजवळच्या पसरणीचे, साने गुरुजींच्या संस्कारातले, मुक्तनाट्य आणि पुढे 'महाराष्ट्राची लोकधारा' गावोगाव नेणारे. राज्याचा नकाशा समोर ठेवून निवडली असती तरी इतकी नेमकी तीन माणसं मिळाली नसती.

आणि 'कळीदार कपूरी पान'? शब्द राजा बढे यांचे. चाल श्रीनिवास खळे यांची. जी जोडी एक मेला आपल्याला छाती पुढे काढून उभं करायची, तीच जोडी तालमीत हात वर करून थांबवली गेली होती.

हे मला केव्हा कळलं, तर २०११ साली. ते वर्ष गाण्याच्या दृष्टीने वाईट गेलं. २४ जानेवारीला भीमसेन जोशी गेले, ३ मेला जगदीश खेबुडकर, २ सप्टेंबरला खळे. त्याआधीच्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. तेव्हा मी बदलीच्या गावी एकटा राहत होतो. रविवारी निवांत वर्तमानपत्र वाचताना त्यांच्या गाजलेल्या गाण्यांची यादी नजरेखालून गेली. महाराष्ट्रगीत, अभंग, 'शुक्रतारा', भीमसेनजी आणि लताबाई यांनी एकत्र गायलेली रामाची आणि कृष्णाची हिंदी भजनं, आणि त्याच रांगेत, काही विशेष न सांगता, कपूरी पान. मी चहाचा कप खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांनी पेटीवाल्या सरांचं वाक्य मला ऐकू आलं. ते मुलीची बाजू घेत होते. आपल्या परीने, नावाच्या आधाराने. दुसरा कुठला आधार त्यांच्यापाशी नव्हता, तासावर येणारे होते.

खेबुडकरांचं नाव वर आलं म्हणून एक सांगतो, खास आपल्या गुरुजनांसाठी. ते कोल्हापूरकडचे, पेशाने शिक्षक. सुलोचनाबाईंना घरोघर नेणारी 'सवाल माझा ऐका' मधली 'सोळावं वरीस धोक्याचं' ही लावणी या मास्तरांची, आणि 'देहाची तिजोरी' ही प्रार्थनाही त्यांचीच. आपण आठवीत दर गुरुवारी ती प्रार्थना म्हणायचो. लिहिणारा हात एकच. शाळेत घ्यायचं काय आणि दाराबाहेर ठेवायचं काय, हे आपण ठरवत होतो, त्यांनी कधी ठरवलं नव्हतं.

स्वतः सुलोचनाबाई तर दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन माईकसमोर उभं राहून लावणी म्हणायच्या. अंगाची हालचाल नाही, जे काही असेल ते गळ्यात. गिरगावात वाढलेल्या, आधी हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन केलेल्या. लावणीचा ठसका शब्दाच्या उच्चारात असतो, हे त्यांना ऐकताना कळतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

त्या वर्षाची सुरुवातही तशीच झाली होती. ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या. आपला ग्रुप दिवसभर गाण्यांनी भरून गेला. प्रत्येक गाण्यावर 'दीदींचं अजरामर गीत'. मला राहवलं नाही. 'श्रावणात घननिळा' आलं तेव्हा मी खाली लिहिलं, "पाडगावकर, खळे." 'भेटीलागी जीवा' आलं, मी लिहिलं, "तुकोबा, खळे." चौथ्या वेळी आपल्यातल्या एकाने लिहिलं, "आज तरी पुरे कर." मी दोन दिवस ग्रुप उघडला नाही. मग वाटलं, तो बरोबर बोलला. आवाज म्हणजे माणूसच असतो. आवाज गेला की घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं. चालीला चेहरा नाही, तिच्यासाठी कुणाच्या घशात हुंदका येत नाही. त्या दिवशी नावांची वही उघडायची नव्हती. पण मग ती कधी उघडायची?

पूर्वी हे काम रेडिओ करायचा. प्रत्येक गाण्याआधी किंवा नंतर निवेदिका सांगायची, गीत अमुक, संगीत तमुक, गायिका तमकी. वर्षानुवर्षं ऐकून ती नावं न शिकवता पाठ व्हायची. तबकडीवर गोल कागदावर का होईना, पण छापलेली असायची. मग कॅसेट आली. पुढे गायकाचा फोटो, आणि बाकीची नावं आत दुमडलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत. तो कागद आठवडाभरात हरवायचा. मोबाइलमध्ये तर नुसतं गाणंच उरलं. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने प्रत्येक गाण्याखाली कवी, संगीतकार, गायक असं सगळं नोंदवून ठेवलं आहे, त्याचे मराठी माणसांवर उपकार आहेत. मी पैज लागली की तिथेच जातो.

शाहीर साबळे २० मार्च २०१५ ला गेले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पाडगावकर. २०१८ च्या मे महिन्यात अरुण दाते. राजा बढे तर कधीच, १९७७ मध्ये, आपण तिसरी-चौथीत असताना. मग २०२३ च्या जानेवारीत राज्य सरकारने त्यांचं गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलं आणि १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीपासून, ते लागू झालं. मूळ गीतातली दोन कडवी घेतली आहेत. त्याच वर्षी शाहिरांची जन्मशताब्दी होती आणि त्यांच्या नातवाने त्यांच्यावर काढलेला चित्रपटही आला. आता आपली नातवंडं शाळेत ते गीत रोज म्हणतील. माझ्या पुतणीच्या मुलाला मी विचारलं, हे कुणाचं रे? तो म्हणाला, "महाराष्ट्राचं." यावर काय बोलणार!

गेल्या दिवाळीत या मेळाव्याच्या तयारीची पहिली बैठक झाली. दिवंगत गुरुजनांच्या श्रद्धांजलीची यादी करायला घेतली. बाई, सर, शिपाईमामा, एकेक नाव येत गेलं. मी म्हणालो, पेटीवाले सर राहिले. सगळे म्हणाले, हो हो, घालायलाच हवेत. लिहिणाऱ्याने पेन टेकवलं आणि विचारलं, "नाव काय त्यांचं?"

आम्ही अकरा जण होतो. कुणालाच सांगता येईना. एक म्हणाला कुलकर्णी, दुसरा म्हणाला गुरव. आडनाव सांगणाऱ्यांनाही खात्री नव्हती. शाळेच्या हजेरीपटात ते नाहीत, कारण ते तासावर होते. आपल्या फोटोंमध्ये ते नाहीत, कारण फोटोच्या वेळी पेटी आवरत असत. जो माणूस आम्हाला तिघांची नावं घ्यायला लावायचा, त्याचं एक नाव आम्हाला येत नव्हतं. आणि आपलं स्वागतगीत, जे या मेळाव्यातही आपण म्हणणार आहोत, त्याची चाल त्यांचीच आहे.

शेवटी आपल्या निवृत्त लेखनिक काकांनी दोन शनिवार घालवून जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा काढला. मानधन पोचल्याची सही होती, स्वच्छ, वळणदार, पूर्ण नावाची. ते नाव या स्मरणिकेच्या सुरुवातीला श्रद्धांजलीच्या पानावर छापलं आहे. हा लेख वाचून झाला की ते पान एकदा पुन्हा उघडा.

दुसरं काम मला एकट्यालाच करायचं होतं. ती आता ग्रुपवर आहे, पण क्वचितच काही लिहिते. तिचा नंबर समोर धरून मी तीन संध्याकाळी बसून काढल्या. चौथ्या दिवशी फोन लावला. ख्यालीखुशाली झाली, मुलांचं, नातवाचं झालं. मग मी फळ्यावरच्या पानाचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"मला वाटायचं, दुसऱ्याच कुणीतरी काढलं," ती म्हणाली. "मी चाळीस वर्षं त्या बिचाऱ्याशी नीट बोलले नाही."

मी माफी मागितली. आणि मग, गप्प बसवत नाही म्हणून, तिला सांगायला लागलो की बघ, ती लावणी आणि महाराष्ट्रगीत एकाच जोडीचं, बढ्यांचे शब्द आणि खळ्यांची...

"ते मला तेव्हाच माहीत होतं," तिने मला थांबवलं. "गाणं बसवताना सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हालाच माहीत नव्हतं."

मेळाव्याच्या संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम आहे. मी तिला भीतभीतच विचारलं, लावणी करशील का. ती हसली. म्हणाली, गुडघे गेलेत माझे, नाच कसला. एक भाची छान गाते, ती म्हणेल. पेटीला कोण आहे? मी म्हणालो, मी आहे, पण नुकताच शिकतोय.

"चालेल," ती म्हणाली. "तू पेटीवर बस. निवेदन मी करते."